दोन मेगाहर्ट्झचा धनी

२६ एप्रिल १९८५. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात, एकॉर्न कॉम्प्युटर्स या कंपनीच्या कार्यालयात, नुकतीच बनून आलेली एक चिप बोर्डावर बसवली गेली. तिच्यात जेमतेम २५ हजार ट्रान्झिस्टर होते. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी सुमारे दीड वर्ष खपून तिचा आराखडा केला होता. सिलिकॉनवर चढण्याआधी फर्बर यांनी तिची नक्कल बेसिक भाषेत, ८०८ ओळींत लिहून काढली होती आणि ती चालवून आराखडा पारखून घेतला होता. चिपला स्वतःचा कीबोर्ड नव्हता, पडदा नव्हता, डिस्क नव्हती. एका शाळकरी संगणकाच्या तळाशी असलेल्या सॉकेटला ती जोडली होती आणि बाहेरच्या जगाशी तिचा सगळा व्यवहार त्या संगणकामार्फत चालत होता. संगणकाचं नाव बीबीसी मायक्रो, वेग २ मेगाहर्ट्झ, मेमरी ३२ किलोबाइट. चिपचं नाव आर्म. तुमच्या खिशातल्या फोनचा प्रोसेसर बहुधा तिच्याच वंशातला आहे.

चिप पहिल्याच दिवशी चालली. पुढे तिचा विजेचा खप मोजायला फर्बर यांनी ॲमीटर लावला, तर आकडा आला शून्य. प्रोग्रॅम चालू होता, उत्तरं बरोबर येत होती, आणि वीज मात्र कुठूनच जात नव्हती. शोध घेतल्यावर कळलं की चाचणी-बोर्डातल्या दोषामुळे चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. सिग्नलच्या पायांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. आर्मला वीज किती कमी लागते, याचा दाखला म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणासाठी मोलाची वाटते. एखादं यंत्र चालतंय एवढं दिसलं म्हणजे ते तपासून झालं असं होत नाही, हे इतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

जुन्या संगणकाला जोडायचं वेगवर्धक कार्ड, म्हणजेच ॲक्सिलरेटर, आणि त्या कार्डावरचं फर्मवेअर कसं तपासायचं हा या प्रकरणाचा विषय आहे. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या पोटात राहणारा प्रोग्रॅम. कार्डाने कसं वागायचं ते तो ठरवतो. उदाहरणासाठी बीबीसी मायक्रोच घेऊ, कारण आपल्याकडे तो परका नाही. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शाळांमधल्या संगणक शिक्षणासाठी 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांत पोचला तो हाच संगणक. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये 'एससीएल युनिकॉर्न' या नावाने त्याचा भारतीय अवतारही निघाला. वर तांबड्या फंक्शन कळांची ओळ असलेलं ते पिवळट-पांढरं खोकं आज चाळिशी ओलांडून गेलं आहे.

जुनं यंत्र मोडीत काढायच्या आधी त्यात अजून किती जीव आहे ते बघायचं, ही कोल्हापूरची जुनी खोड. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत आजही जुन्या मशीनला नवा कंट्रोलर आणि नव्या सर्वो मोटारी बसवून ते पुन्हा उत्पादनाला लावतात. हे रेट्रोफिटिंग करणारा जाणता फिटर नव्या कंट्रोलरचा खोका उघडायच्या आधी जुन्या मशीनचा बेड बघतो, स्लाइड झिजलीय का बघतो, स्क्रूचा बॅकलॅश डायल लावून मोजतो. जुन्याची खातरी नसेल तर नव्यातला दोष सापडूच शकत नाही, हे त्याला ठाऊक असतं. संगणकालाही हाच क्रम लागतो.

म्हणून आधी जुना संगणक एकटा, कार्डाशिवाय.

सुरुवात पॉवर सप्लायपासून. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला फिल्टरचे कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक, पिवळसर आवरणाला काळाने बारीक तडे जातात, तड्यांतून हवेतला ओलावा आत शिरतो आणि एके दिवशी बटण दाबल्यावर फट् असा आवाज होऊन खोलीभर उग्र धूर पसरतो. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवा किती ओली असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तेव्हा वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला संगणक थेट प्लगला लावण्यात अर्थ नाही. पॉवर सप्लाय उघडायचा, हे कपॅसिटर बदलायचे, आणि त्याआधी मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज उतरलाय याची खातरी करायची. तो भाग जिवावर बेतणारा आहे. ज्याला त्यातलं कळत नाही त्याने तो कळणाऱ्याकडूनच करून घ्यावा.

मग मुख्य बोर्डावर, थेट प्रोसेसरच्या पायांशी, मीटर लावायचा. ६५०२ या प्रोसेसरला ५ व्होल्ट लागतात आणि पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे ४.७५ ते ५.२५. पॉवर सप्लायपाशी पाच व्होल्ट दिसतात आणि बोर्डाच्या टोकाला पोचेपर्यंत ४.८ उरतात, असं जुन्या, काळवंडलेल्या कनेक्टरमुळे सहज होतं. एवढ्यावर संगणक चालेल. पण वेगवर्धक कार्डही याच पाच व्होल्टवर जगणार असेल, तर त्याचा भार पडताच आकडा मर्यादेखाली जाईल आणि दोष फर्मवेअरच्या माथी बसेल. सॉकेटमधल्या चिपांचे पायही काळे पडतात. एकेक चिप हलकेच उचलायची, पाय साफ करायचे, पुन्हा बसवायची. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढची प्रत्येक चाचणी संशयास्पद ठरते.

आता कार्डाकडे. एकॉर्नने बीबीसी मायक्रोला पहिल्यापासूनच एक दार ठेवलं होतं. संगणक उलटा केला की कीबोर्डखाली चाळीस पायांचं एक सॉकेट दिसतं. त्याचं नाव ट्यूब. तिथे दुसरा प्रोसेसर जोडायचा. मूळ संगणक त्याच्यासाठी कळा वाचतो, पडद्यावर अक्षरं काढतो, डिस्क सांभाळतो, आणि दुसरा प्रोसेसर फक्त प्रोग्रॅम चालवतो. १९८०च्या दशकात एकॉर्नने ३ मेगाहर्ट्झचा ६५०२ विकला, ६ मेगाहर्ट्झचा झेड८० विकला, आणि १९८६ मध्ये आर्मही याच रूपात विकसकांच्या हाती दिला. दोन बाजूंमध्ये देवाणघेवाण होते ती आठच पत्त्यांवरून, हेक्साडेसिमलमध्ये एफईई० ते एफईई७. या आठ पत्त्यांत चार वाटा आहेत. पहिलीने पडद्यावर जाणारी अक्षरं येतात. दुसरीने ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या विनंत्या आणि त्यांची उत्तरं जातात. तिसरीने फायलींचा घाऊक माल, आणि चौथीने ताकीद, म्हणजे आता माल येतोय किंवा आता चूक झालीय, असे निरोप.

आज या दाराला कोण जोडलं जातं? रास्पबेरी पाय झिरो. नोव्हेंबर २०१५ मध्ये ५ डॉलरला बाजारात आलेला, बोटभर लांबीचा बोर्ड, त्यावर १ गिगाहर्ट्झचा आर्म. ज्या सॉकेटवर आर्मची पहिली परीक्षा झाली, त्याच सॉकेटवर तिचा वंशज जुन्या ६५०२चं सोंग घेऊन बसतो. 'पायट्यूबडायरेक्ट' हे त्याचं मुक्त फर्मवेअर. त्यात लिनक्स नाही, कुठलीच ऑपरेटिंग सिस्टिम नाही. एसडी कार्डवरची एक फाइल वाचली जाते आणि सगळा पाय झिरो एकाच कामाला लागतो. ६५०२ नको असेल तर झेड८०, ३२०१६, ६८०९ अशी कितीतरी रूपं त्यात आहेत. कीबोर्डवर 'स्टार एफएक्स १५१, २३०' लिहून पुढे रूपाचा क्रमांक द्यायचा आणि कंट्रोल-ब्रेक दाबायचं.

अशा फर्मवेअरची नवी आवृत्ती हाती आली की बहुतेक जण पहिल्यांदा वेग मोजतात. मी तो शेवटी मोजतो. वेग या कार्डाला फुकटात मिळालेला आहे. त्याला जड जातं ते दोन मेगाहर्ट्झच्या धन्याच्या, म्हणजे मूळ संगणकाच्या, घड्याळाशी जुळवून घेणं.

हे घड्याळ कसं चालतं ते पाहू. २ मेगाहर्ट्झ म्हणजे एक फेरी ५०० नॅनोसेकंदांची. फेरीच्या पहिल्या अर्ध्यात पत्ता बाहेर पडतो, दुसऱ्या अर्ध्यात माहितीची देवघेव. म्हणजे हातात २५० नॅनोसेकंद. त्यातही ६५०२ला माहिती शेवटच्या ५० नॅनोसेकंदांत स्थिर उभी हवी. उरले २००. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ६० मीटर जातो. धन्याने ट्यूबच्या पत्त्यावरून वाचायचं ठरवलं की या २०० नॅनोसेकंदांत पाय झिरोला ते ओळखायचं असतं, नेमका कुठला पत्ता ते बघायचं असतं आणि बरोबर बाइट तारांवर ठेवायचा असतो. एक नॅनोसेकंदही उशीर झाला तर धनी थांबत नाही. तारांवर जे काही असेल ते उचलतो आणि पुढे जातो. 'थांब जरा' म्हणायची सोय या दारावर नाही.

१ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला २०० नॅनोसेकंद म्हणजे २०० फेऱ्या, भरपूर वाटतात. पण आधुनिक प्रोसेसर आपल्याच पायांपासून फार लांब राहतो. पायावरची पातळी वाचायला त्याला अंतर्गत मार्गांवरून जावं लागतं, इंटरप्ट आला तर हातातलं काम ठेवून वळावं लागतं, आणि हवी ती सूचना कॅशेत नसली तर मुख्य मेमरीकडे धावावं लागतं. बहुतेक वेळा तो वेळेत पोचेल. नेहमी पोचेलच, याची हमी नाही. म्हणून पायट्यूबडायरेक्टमध्ये एक सुरेख युक्ती केली आहे. पाय झिरोच्या चिपमध्ये चित्रांसाठी असलेला व्हिडिओकोर हा वेगळा भाग आहे. तो इथे चित्रं काढत नाही. ट्यूबच्या तारांवर डोळे लावून बसणं हेच त्याचं काम. आर्म मागे शांतपणे ६५०२ची नक्कल करत राहतो. वेगाच्या कामाला एक, वेळ पाळायला दुसरा.

पहिली चाचणी अगदी साधी. संगणक पूर्ण बंद, मग चालू. पडद्यावर 'एकॉर्न ट्यूब ६५०२ ६४के' अशी ओळ यायला हवी. इथेच पहिला पेच असतो. बीबीसी मायक्रो बटण दाबताच जागा होतो आणि ट्यूबच्या पत्त्यावर एक ठरावीक आकडा लिहून, परत वाचून, पलीकडे कोणी आहे का ते बघतो. पाय झिरोला मात्र एसडी कार्डवरून फर्मवेअर चढवायला वेळ लागतो. तो उठेपर्यंत धन्याने 'कोणी नाही' असं ठरवून टाकलेलं असतं. अशा वेळी ब्रेक कळ दाबली की चौकशी पुन्हा होते आणि ओळ येते. तेव्हा थंड यंत्र चालू करून बघायचं, ब्रेक दाबून बघायचं, कंट्रोल-ब्रेक दाबून बघायचं. आणि सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे बंद करून लगेच चालू करणं. कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक असते, संगणक पुरता मेलेला असतो, पाय झिरो मात्र अर्धवट जिवंत. उन्हाळ्यात वळवाच्या पावसाआधी वीज अशीच पापणी लवेपर्यंत जाऊन येते, त्यामुळे ही चाचणी आपल्याकडे काल्पनिक नाही.

दुसरी पायरी सोंगाची. ६५०२ म्हणवून घेणारा खरंच ६५०२सारखा वागतो का? त्यासाठी प्रत्येक सूचना, प्रत्येक फ्लॅग तपासणारे तयार प्रोग्रॅम आहेत, ते चालवायचेच. पण दोन ठिकाणं मी हाताने बघतो. ६५०२ला दशमान पद्धतीत बेरीज करता येते. ९९ अधिक १ केले की उत्तर येतं ००. मूळ ६५०२मध्ये इथे एक गंमत आहे: उत्तर शून्य असूनही 'उत्तर शून्य आहे' हे सांगणारा फ्लॅग लागत नाही, कारण तो फ्लॅग द्विमान बेरजेवरून ठरतो. ६५सी०२ या सुधारित चिपमध्ये हे दुरुस्त केलं. दुसरं ठिकाण अप्रत्यक्ष जंपचं. १०एफएफ या पत्त्यावरून पुढचा पत्ता उचलायला सांगितलं, तर मूळ चिप पहिला बाइट १०एफएफवरून घेते आणि दुसरा ११०० ऐवजी चुकून १००० वरून. सुधारित चिप ११०० वरूनच घेते.

आता प्रश्न असा की फर्मवेअरने कोणाची नक्कल करायची? बीबीसी मायक्रोच्या आत मूळ ६५०२ आहे. पण एकॉर्नने विकलेल्या ३ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या प्रोसेसरमध्ये ६५सी०२ होता. म्हणजे ट्यूबवर बसणाऱ्याने सुधारित चिपसारखंच वागलं पाहिजे. जुन्या चिपची चूकही जशीच्या तशी वठवणारं फर्मवेअर वरवर अधिक प्रामाणिक वाटेल, इथे मात्र ते चुकीचं ठरेल. कशाशी ताडून बघायचं हे ठरवल्याशिवाय चाचणी सुरूच करता येत नाही, आणि ते ठरवायला यंत्राचा इतिहास माहीत लागतो.

खरी कसोटी तिसऱ्या वाटेवर लागते, फायलींच्या घाऊक मालाच्या. डिस्कवरून माल येतो तेव्हा धनी तो बाइटमागून बाइट ट्यूबमध्ये ढकलतो. याच्या अनेक पद्धती आहेत. सावकाश पद्धतीत दर बाइटला २४ मायक्रोसेकंद मिळतात. सगळ्यात जलद पद्धतीत २५६ बाइटांचा गठ्ठा सलग जातो, दर बाइटला १० मायक्रोसेकंद, आणि मधे 'पोचला का' अशी विचारणा नाही. धनी घड्याळावर विसंबून ढकलत राहतो. पलीकडच्याला मधेच ११ मायक्रोसेकंदांची डुलकी लागली तर एक बाइट गेला. कुठलीही चूक पडद्यावर येत नाही. फाइल चढते, प्रोग्रॅम सुरू होतो आणि कधीतरी, भलत्याच ठिकाणी, कोसळतो.

असा हरवलेला बाइट पकडायला ओळखीच्या मजकुराची फाइल करायची, ट्यूबपलीकडे चढवायची आणि तिथे ताडून बघायची. सहज सुचतो तो मजकूर म्हणजे ० ते २५५ हे आकडे पुन्हापुन्हा. एक बाइट गळला तर पुढचे सगळे एकेक घर सरकतात आणि लगेच कळतं. पण या मजकुराला एक भोक आहे. गठ्ठा २५६ बाइटांचा, मजकुराची लांबीही २५६ची. एखादा अख्खा गठ्ठा गळला किंवा मागचाच दोनदा आला, तरी आकडे जिथल्या तिथेच दिसतील आणि चाचणी उत्तीर्ण होईल. म्हणून मजकूर ० ते २५० एवढाच घ्यायचा आणि पुन्हा शून्यापासून सुरू करायचा. २५१ ही मूळ संख्या आहे, ती २५६च्या मापात कुठेच चपखल बसत नाही. आता प्रत्येक गठ्ठ्याची सुरुवात वेगळ्या आकड्याने होते आणि गळती झाकली जात नाही.

समजा गळती सापडली. ती नेमकी कुठे होतेय हे बघायला प्रोग्रॅमर जे सगळ्यांत आधी करतो ते म्हणजे फर्मवेअरमध्ये एक ओळ घालून सीरियल तारेवर निरोप छापणं: 'इथवर पोचलो'. या चाचणीत तेच घातक ठरतं. १,१५,२०० बॉडच्या वेगाने एक अक्षर बाहेर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. एका अक्षराच्या काळात आठ बाइट येऊन गेलेले असतात. निरोप छापायला बसलेला प्रोसेसर ते घ्यायला जागेवर नसेल, तर बघण्याच्या कृतीनेच नवा दोष तयार होतो आणि मूळचा त्याखाली लपतो. याहून वाईट म्हणजे कधी कधी निरोप घातल्याने वेळेचं गणित असं बदलतं की मूळ दोष दिसेनासाच होतो. मग माणूस निरोप काढून टाकतो, आवृत्ती लोकांना देतो, आणि दोष परत येतो.

यावरचा उपाय म्हणजे निरोप लगेच न छापता मेमरीत एका गोल रकान्यात लिहून ठेवायचे, गठ्ठा पूर्ण झाल्यावर निवांत छापायचे. किंवा फर्मवेअरला हात न लावता तारांवरच लॉजिक ॲनलायझर बसवायचा. स्वस्तातला ॲनलायझर सेकंदाला २ कोटी ४० लाख वेळा तार बघतो, म्हणजे दर ४२ नॅनोसेकंदांनी एकदा. २५० नॅनोसेकंदांच्या खिडकीत सहाच नमुने. बाइट अजिबात आला नाही हे त्यावर कळेल. तो वीस नॅनोसेकंद उशिरा आला, हे कळणार नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. उपकरणाची नजर किती बारीक आहे हे माहीत नसेल तर त्याने दाखवलेल्या चित्रावर विश्वास तरी किती ठेवायचा?

आता वेग. बीबीसी बेसिकमध्ये मोजणीचा छोटा प्रोग्रॅम चालवला की पायट्यूबडायरेक्टचा ६५०२ अडीचशेहून अधिक मेगाहर्ट्झचा असल्यासारखा वागतो. मूळ यंत्राच्या शंभरपटीवर. पण पडद्यावर हजार ओळी छापायचा प्रोग्रॅम लावला तर फरक थोडाच पडतो, कारण अक्षरं काढणारा धनी अजूनही २ मेगाहर्ट्झचाच आहे. दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम मोजावेत. वेळ सांगणारं घड्याळही धन्याकडेच असतं. प्रत्येक वेळी 'किती वाजले' हे विचारायला ट्यूब ओलांडावी लागते, तेव्हा मोजायचं काम लांबलचक हवं, नाहीतर आपण विचारपूस मोजत बसतो. आणि काही जुने खेळ ट्यूबवर मुळीच चालत नाहीत. ते पडद्याच्या मेमरीत थेट लिहितात, आणि दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूला त्या पत्त्यावर पडदा नसतोच. तो फर्मवेअरचा दोष धरू नये. उलट 'एलीट' या १९८४च्या अंतराळ-खेळाची दुसऱ्या प्रोसेसरसाठी मुद्दाम लिहिलेली आवृत्ती आहे. ती ट्यूबला दोन्ही बाजूंनी इतकी राबवते की चाचणी म्हणून तिला तोड नाही.

एकाने हिशेब करायचा आणि दुसऱ्याने बाहेरच्या जगाशी बोलायचं, हे कामवाटप एकट्या केंब्रिजचं नाही. पुण्यात १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यात ट्रान्सप्युटर या ब्रिटिश चिपा होत्या, ज्यांचं बलस्थान होतं एकमेकींशी बोलणं. पुढच्या परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० हा आकडेमोडीत तेज प्रोसेसर जोडीला आला. हिशेब त्याने करायचा, निरोपांची ने-आण ट्रान्सप्युटरने.

त्याच सी-डॅकचं जिस्ट कार्ड मात्र मला या प्रकरणाच्या जास्त जवळचं वाटतं. आयआयटी कानपूरमध्ये रुजलेलं आणि पुण्यात वाढलेलं हे कार्ड साध्या डॉसच्या पीसीत बसायचं आणि वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजी प्रोग्रॅमना देवनागरी लिहायला लावायचं. त्या प्रोग्रॅमना आपण देवनागरी लिहितोय याचा पत्ताही नसायचा. अशा कार्डाची चाचणी किती अवघड, याचा एकच नमुना देतो. देवनागरी अक्षरांचे संकेत बाइटच्या वरच्या अर्ध्यात, आठवा बिट लावून, बसवलेले होते. आणि वर्डस्टार आपल्या दस्तऐवजात शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा हाच आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरायचा. दोघांचा खटका उडणार तो नेमका इथे. जुन्या प्रोग्रॅमच्या अशा न सांगितलेल्या सवयी ज्याला माहीत, तोच त्यावर कार्ड तपासू शकतो. अमिगा ५०० या संगणकाच्या ६८००० प्रोसेसरच्या जागी बसणाऱ्या पायस्टॉर्म कार्डालाही हाच न्याय लागू पडतो. तिथे वेळ पाळायला एक वेगळी छोटी चिप ठेवली आहे, एवढाच फरक.

इतक्या चाचण्या पार पडल्या तरी एक उरतेच, ती म्हणजे दमाची. दुपारी, पंखा बंद ठेवून, झाकण लावलेल्या संगणकात पाय झिरो तासन्‌तास राबवायचा. २५१च्या मजकुराची फाइल चढवायची, ताडायची, पुन्हा चढवायची, आणि हे रात्रभर आपोआप चालू ठेवायचं. तापल्यावर जुन्या चिपांचा वेग किंचित मंदावतो आणि जी माहिती सकाळी २० नॅनोसेकंद राखून पोचत होती ती दुपारी काठावर येते. लाखात एकदा घडणारी चूक पकडायला लाखो वेळा करून बघणं भाग आहे. त्याला जवळचा रस्ता नाही.

म्हणूनच केंब्रिजमधल्या कोणाच्या टेबलावर बिनचूक चाललेली आवृत्ती कोल्हापुरात अडखळू शकते आणि दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. बीबीसी मायक्रोचे बोर्ड एकसारखे नाहीत. इश्यू ४ आणि इश्यू ७ या बोर्डाच्या आवृत्त्यांमध्ये फरक आहेत, बफर चिपा वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, त्यांचं वय झालंय ते वेगवेगळ्या हवेत. 'माझ्याकडे चालत नाही' एवढं कळवून फर्मवेअर लिहिणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. बोर्डाचा इश्यू, ऑपरेटिंग सिस्टिम १.२० आहे का, डिस्क सांभाळणारा डीएफएस कोणता, बेसिक पहिलं की दुसरं, प्रोसेसरपाशी किती व्होल्ट, खोलीचं तापमान किती, कुठल्या पद्धतीच्या गठ्ठ्यात कितवा बाइट गळला, आणि कार्ड काढल्यावर तेच काम नीट होतं का, हे सगळं लिहून पाठवलं तर मात्र हजारो किलोमीटरवरचा अनोळखी माणूस दोष शोधू शकतो. जुनी, चालत असलेली आवृत्ती वेगळ्या एसडी कार्डवर जपून ठेवावी. संशय आला की तेच कार्ड घालून बघता येतं की बिघाड नव्या फाइलमुळे आहे की सॉकेटमधल्या एखाद्या काळ्या पायामुळे.

दुरुस्त केलेली आवृत्ती आली की फक्त हरवलेला बाइट सापडला का एवढंच बघून चालत नाही. तिसऱ्या वाटेवरची डुलकी घालवण्यासाठी कोणीतरी आर्मच्या बाजूचा एखादा तुकडा कॅशेत कायम बसवलेला असतो, त्यासाठी दुसरं काहीतरी बाहेर ढकललेलं असतं, आणि त्याचा फटका चालू होतानाच्या शर्यतीत किंवा फ्लॅगच्या हिशेबात निघू शकतो. त्यामुळे संगणक बंद करायचा, थंड होऊ द्यायचा, आणि पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा करायचं, ९९ अधिक १ सुद्धा.